आणा गेला, वारी राहिली

परवा मार्केट यार्डाबाहेर चहाला थांबलो होतो. सोबत पुतण्या होता, बारावी झालेला, मोबाईलवर तालुक्याची यादी बघत होता. एकदम म्हणाला, "काका, आपल्या गावाची पैसेवारी ५४ लागलीय. म्हणजे खात्यावर किती येणार?"

शेजारी उभे असलेले दोघे-तिघे हसले. एकजण म्हणाला, "५४ पैसे येतील, चहाचं बिल तू दे." पुतण्या ओशाळला. मला मात्र हसू आलं नाही. पोराचं काय चुकलं? शब्दात पैसे आहेत, सरकार जाहीर करतंय, कलेक्टरच्या सहीनं यादी निघतेय, मग पैसे येणार असंच कुणालाही वाटणार. उलट ५४ लागली म्हणजे काहीच येणार नाही, हे त्याला समजावून सांगताना माझाच चहा गार झाला. तेव्हाच ठरवलं, या शब्दावर एकदा सविस्तर लिहायचं. पोस्ट लांब आहे, पण सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी शब्द फोडून बघू.

पैसेवारी हा जोडशब्द आहे. पैसे अधिक वारी. पण त्याच्या आधी, आपल्या आजोबांच्या तोंडात असायचा तो शब्द होता आणेवारी. आणे अधिक वारी. रुपयाचे आणे सोळा. त्यामुळे जे पूर्ण, भरलेलं, बिनतक्रार ते सोळा आणे. "सोळा आणे खरं बोललास" असं आपण अजूनही म्हणतो. पाऊसकाळ चांगला झाला की सोळा आणे पीक, निम्मं हाती लागलं की आठ आणे, अगदीच गेलं की चार आणे. पावली, अधेली, बंदा रुपया ही शेतकऱ्याची रोजची मापं होती, त्यातच त्यानं पीकही मोजलं. यात पैशाचा व्यवहार कुठेच नव्हता. रुपया हा इथे फक्त 'पूर्ण' या अर्थाने आला होता. वाटणीतसुद्धा तसंच. "त्या गटात माझा चार आण्यांचा हिस्सा" म्हणणारा माणूस एक रुपयाची जमीन वाटून घेत नव्हता.

आता 'वारी'. आपला जिल्हा पंढरपूरचा, त्यामुळे वारी म्हटलं की डोळ्यांपुढे पताका येतात. ती वारी 'वार' म्हणजे खेप, पाळी यातून आली. वारंवार, सोमवार यातला तोच वार. आणेवारीतला वार मात्र दफ्तरातला आहे, फारशी वळणाचा. गाववार यादी, नंबरवार, तपशीलवार यातला. म्हणजे 'त्याप्रमाणे', 'त्या हिशेबाने'. आणेवारी म्हणजे आण्यांच्या हिशेबाने मांडलेलं. याच साच्यातून क्रमवारी आली, आकडेवारी आली आणि टक्केवारीही आली.

टक्केवारीची तर वेगळीच गंमत. टक्का हेही मुळात नाण्याचंच नाव. जुना टंक, त्याचा टका. बांगलादेशात आजही चलनाला टाकाच म्हणतात. आपल्याकडे ते नाणं व्यवहारातून गेलं आणि शंभरातला एक भाग एवढाच अर्थ मागे राहिला. पुढे त्या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला, तो रस्त्याची, बंधाऱ्याची कामं घेणाऱ्यांना विचारा. आपल्या राज्यात एवढी एकच वारी बिनचूक मोजली जाते असं लोक म्हणतात. मी फक्त ऐकलेलं सांगतोय.

नाणं मरतं, शब्द जगतो, हे जगभर चालतं. बोहेमियात योआखिमस्थाल नावाच्या खोऱ्यात चांदी सापडली, तिथल्या नाण्याला योआखिमस्थालर म्हणू लागले. एवढा लांब जोडशब्द कोण बोलणार? त्याचा झाला थालर. थाल म्हणजे दरी. तो थालर फिरत फिरत कुठे डालर झाला, कुठे डॉलर. नॉर्वेत १८७५ मध्ये डालर जाऊन क्रोन आला, पण अमेरिकेत ती दरी अजून खिशात आहे. आपल्याला तर इतकं लांब जायचीही गरज नाही. १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट केव्हाच गेली, त्या जागी ब्रॉडगेज आलं. तरी म्हातारी माणसं अजून "लाईट गेली का?" असं विचारतात आणि नवी पोरं घरातला दिवा बघतात.

तर १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आणा हळूहळू बाजारातून गेला. मग कागदावर सोळा आण्यांचा हिशेब शंभर पैशांत मांडला गेला आणि आणेवारीची झाली पैसेवारी. इथेच घोटाळा झाला, असं माझं मत आहे. आणा चलनातून गेल्यावर आणेवारी या शब्दाला फक्त मापाचा अर्थ उरला असता. नव्या पिढीनं तो शिकून घेतला असता. पण सरकारनं मेलेलं नाणं काढून जिवंत नाणं बसवलं. त्यामुळे आज माझ्या पुतण्याला वाटतं की पैसेवारी म्हणजे पैशांची यादी. माप होतं, ते मदतीसारखं ऐकू यायला लागलं.

पण हा नुसता शब्दाचा खेळ असता तर मी एवढं लिहिलं नसतं. या शब्दापायी माणसं रस्त्यावर उतरलेली आहेत.

१९१८ चा खेडा सत्याग्रह आठवा. गुजरातचा खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे आपलं सोलापूर ज्या इलाख्यात होतं त्याच. नियम असा होता की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करायची. शेतकरी म्हणत होते, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अधिकारी म्हणत होते, वर आहे. गांधीजी आणि वल्लभभाई उतरले ते या चार आण्यांवर. आंदोलनाचं मूळ एका आकड्यात होतं आणि तो आकडा कुणी काढायचा यात होतं. शंभर वर्षं होऊन गेली. चार आण्यांची रेषा आता ५० पैशांवर आलीय, हा बदल चांगलाच झाला. पण आकडा कुणी काढायचा आणि कसा, हा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

आकडा निघतो कसा, ते बघा. गावातल्या निवडलेल्या शेतात पीक कापणी प्रयोग करायचा. ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं. त्यावरून त्या वर्षीचं उत्पन्न काढायचं. मग त्याला भागायचं 'प्रमाण उत्पन्ना'नं, म्हणजे त्या पिकाचं जे ठीकठाक उत्पन्न मानलंय त्यानं. ५० च्या आत आलं तर गाव टंचाईत, वर गेलं तर गाव सुखात.

आता मेख बघा. हे प्रमाण उत्पन्न ठरतं मागच्या वर्षांच्या सरासरीवरून. सोपा हिशेब करू. समजा सोयाबीनचं प्रमाण उत्पन्न एकरी ६ क्विंटल धरलंय आणि यंदा आलं २ क्विंटल ७० किलो. पैसेवारी ४५. गाव आत. आता समजा मधल्या काळात तीन-चार वर्षं वाईट गेली, सरासरी घसरली आणि प्रमाण उत्पन्न ५ क्विंटलवर आलं. यंदा आलं तेच, २ क्विंटल ७० किलो. पैसेवारी ५४. गाव बाहेर. शेत तेच, पोती तेवढीच, खर्च झाला तर वाढलेलाच, पण कागदावर गावाची परिस्थिती सुधारली! म्हणजे ज्या तालुक्यावर पाऊस वारंवार रुसतो, तिथे दुष्काळाची सवय हीच पात्रतेच्या आड येते. सारखा उपाशी राहणाऱ्या माणसाला, तुझी भूकच एवढी आहे, असं सांगण्यातला हा प्रकार.

दुसरी गोष्ट. सरकारी दफ्तरात गावं खरिपाची आणि रब्बीची अशी वाटलेली आहेत. आपल्या जिल्ह्याची जुनी ओळख रब्बीची, मालदांडी ज्वारीची. मालदांडीचा प्रसिद्ध वाण आपल्या मोहोळचा. पण गेल्या वीसेक वर्षांत बार्शी तालुक्याचं शिवार किती बदललं, ते कुणाला सांगायला नको. जिथे ज्वारीची ताटं उभी असायची, तिथे आता सोयाबीन आणि उडीद. आता गावाची नोंद रब्बीची असेल आणि घर चालत असेल सोयाबीनवर, तर खरिपात गेलेल्या पिकाचा हिशेब कुठल्या वहीत बसणार? जून-जुलैत पोळलेल्या माणसाला मार्च उजाडेपर्यंत थांबा म्हणायचं का?

तिसरी गोष्ट, ५० च्या आत आल्यावर मिळतं काय? यादी पाठ करून ठेवा. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत थोडी ढिलाई, लागेल तिथे टँकर आणि पंपाची वीज न तोडणं. आठ सवलती. ऐकायला भरपूर. पण जमीन महसूल एकरी असतो किती? आणि वीजबिलाचं म्हणाल तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफतच आहे. ज्याचं बिलच शून्य, त्याला ३३.५ टक्के सूट! उरतं काय? कर्जाचं पुनर्गठन आणि पोरांची फी. या दोन मात्र खऱ्या आहेत. ज्या घरात दोन लेकरं कॉलेजला आहेत आणि सोसायटीचं कर्ज थकलंय, त्या घरासाठी ४९ आणि ५१ यातलं अंतर दोन पैशांचं नसतं.

थेट खात्यावर रक्कम येते ती पैसेवारीतून नाही. ती वेगळ्या दारानं येते. अतिवृष्टी-गारपिटीची मदत पंचनाम्यावर, तिथे ३३ टक्के नुकसानीची अट. पीकविमा महसूल मंडळाच्या हिशेबावर. एक रुपयातला विमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपाला गेला, आता भरपाई ठरणार पीक कापणी प्रयोगावरच. आणि दुष्काळ जाहीर होतो तालुक्याच्या हिशेबाने. म्हणजे बांध एक, पीक एक, नुकसान एक आणि मोजायला मापं चार. गावाला एक, मंडळाला एक, तालुक्याला एक आणि पंचनाम्याला एक. शेतकरी एका मापात बसला की दुसऱ्यातून बाहेर पडतो.

यावर काहीजण म्हणतील, पैसेवारी जुनाट झाली, ती टाकून द्या. ते काही अगदीच चूक नाहीत. केंद्राची २०१६ ची दुष्काळ संहिता आली, राज्यानं २०१७ मध्ये तिचे निकष घेतले. पावसाचा खंड, उपग्रहानं बघितलेली हिरवाई, मातीतली ओल, भूजल यावर आता दुष्काळ ठरतो. त्याच पद्धतीनं ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यातले ४० तालुके जाहीर झाले आणि त्यात आपली बार्शी होती. पद्धत सरसकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आपल्याला तिचा उपयोग झालाय.

पण उपग्रहाला वरून हिरवं दिसतं, शेंगा दिसत नाहीत. सोयाबीन कमरेएवढं वाढलं आणि शेंगाच लागल्या नाहीत, असं होतं. फुलगळ झाली, शेंगा पोचट राहिल्या, काढणीच्या आठवड्यात पावसानं कोंब फुटले, हे सगळं बांधावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पैसेवारीच्या समितीत तलाठी, ग्रामसेवक यांच्याबरोबर सरपंच असतो, सोसायटीचा चेअरमन असतो, गावातले शेतकरी असतात. एवढ्या सगळ्या मापांत हे एकच माप असं आहे की ज्यात गाव स्वतः बसलेलं आहे. आणि तेच आपण वाऱ्यावर सोडलंय. समितीत कोण आहे, हे गावात दहाजणांना विचारा. नऊजणांना माहीत नसतं आणि दहावा सहीपुरता सदस्य असतो. कापणी कुठल्या गटात झाली, कुणी बघितली, वजन किती भरलं, काही पत्ता नाही. एक दिवस यादी लागते आणि आपण पारावर बसून शिव्या देतो.

शब्दाला किंमत असते, हे सरकारला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून तर 'दुष्काळ' लिहायला हात जड होतो. आधी 'टंचाई' लिहायचे. मग 'दुष्काळसदृश' आला. सदृश म्हणजे सारखा दिसणारा. दुष्काळ नाही, दुष्काळासारखं काहीतरी! २०१६ च्या मे महिन्यात प्रकरण हायकोर्टात तापल्यावर सरकारला खुलासा काढावा लागला की आमच्या आदेशांत जिथे दुष्काळसदृश असेल तिथे दुष्काळ असं वाचावं. एक 'सदृश' काढायला कोर्टाची पायरी चढावी लागली. तरी २०२३ च्या नोव्हेंबरात उरलेल्या महसूल मंडळांसाठी तो सदृश पुन्हा हजर झालाच. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर येऊन जिल्ह्यात उभी पिकं पाण्यात गेली, तेव्हा लोक 'ओला दुष्काळ' जाहीर करा म्हणत होते आणि उत्तर मिळत होतं की असा शब्द नियमात नाही. शेतकऱ्याच्या तोंडात जो शब्द पिढ्यान्पिढ्या आहे, तो दफ्तरात नाही. आणि दफ्तरात जो आहे, तो शेतकऱ्याला कळत नाही.

अजून एक. पैसेवारी हे नाव असलं तरी ती पैसे मोजतच नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. यार्डात त्या हंगामात काय भावानं गेलं, ते तुम्हीच आठवा. माल आला बारा आणे, भाव मिळाला आणखी कमी. दोन्हींचा गुणाकार केला तर घरात किती आणे आले? हा हिशेब कुठल्याच वारीत नाही. खरी पैसेवारी तीच झाली असती.

म्हणून माझं म्हणणं चार ओळींत सांगतो.

एक, पैसेवारीच्या यादीत नुसता ४५ किंवा ५४ आकडा नको. प्रमाण उत्पन्न किती धरलं, कापणी कुठल्या गटात झाली, वजन किती भरलं, हे तिन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. आणि अंतिम होण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवले पाहिजेत.

दोन, प्रमाण उत्पन्न काढताना दुष्काळ म्हणून जाहीर झालेली वर्षं सरासरीतून वगळा. आजारी माणसाचं वजन धरून निरोगी वजन ठरवत नाहीत.

तीन, गाव खरिपाचं की रब्बीचं, हे जुन्या वहीवरून ठरवू नका. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्याकडून करून घेताय ना? रेंज नसताना बांधावर उभं राहून फोटो काढायला लावताय ना? मग ती माहिती वापरा की.

चार, नाव बदला. पीकवारी म्हणा, उतारा म्हणा, काहीही म्हणा, पण त्यातले पैसे काढा. जे देत नाही, त्याचं नाव लावू नका.

पहिल्या तीन गोष्टी झाल्या आणि चौथी राहिली तरी चालेल. नुसती चौथी झाली तर मात्र आणेवारीची पैसेवारी झाली तेव्हा जे झालं तेच पुन्हा होईल. पाटी नवी, हिशेब जुना.

आणि आपल्यासाठी एक. यादी लागली की स्टेटसला टाकून मोकळे होऊ नका. हंगामी पैसेवारी जाहीर होते ती अंतिम नसते, मधे वेळ असतो. त्या वेळात दहाजण मिळून जा, तीन आकडे लेखी मागा, हरकत लेखी द्या, पोच घ्या. तोंडी भांडणाची नोंद कुठल्याच दफ्तरात होत नाही.

पुतण्याला घेऊन मी सोमवारी जाणार आहे. अर्ज त्यानंच लिहिलाय, स्वतःच्या अक्षरात. पहिलीच ओळ अशी आहे: "आमच्या गावाचे सोयाबीनचे प्रमाण उत्पन्न किती धरले आहे, ते कृपया सांगावे." उत्तर काय येतं, ते इथेच टाकीन. तुमच्या गावाची किती लागलीय आणि प्रमाण किती धरलंय, माहीत असेल तर खाली लिहा. माहीत नसेल तर तेही लिहा.